मोकळ्या गावठी कोंबड्या आणि रानातले चोर: तीन हजारांत काय काय होऊ शकेल?

परसातली_सुमन | ४ मार्च, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मी संगमेश्वर तालुक्यातली. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या कोंबड्या मी बघते. संक्रांतीला कोंबडा धरून सतरा होत्या, आज नऊ आहेत. आठही गेल्या तीन आठवड्यांतच गेल्या.

चार दुपारच्या गेल्या, एकेक करून. दोघींची पिसं गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) सापडली, दोघींचा मागमूसही नाही. उरलेल्या चार एकाच रात्रीत खुराड्यात मेलेल्या मिळाल्या. माना फोडलेल्या, एक अर्धी खाल्लेली, बाकीच्या तशाच टाकलेल्या. सकाळी दार उघडल्यावर जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. एका कोंबडीखालची आठ पिल्लं होती, त्यातली दोन राहिली.

खुराडं पडवीला लागून आहे. खाली माती, बाजूंना बांबूच्या कामट्या, वर कौलं. दाराला सहाकोनी भोकांची ती साधी कोंबडीजाळी.

सगळे म्हणतात मुंगूस. शेजारचे काका म्हणाले, अंड्याला भोक पाडून थिमेट घाल आणि गडग्यावर ठेव, चार दिवसांत प्रश्न मिटेल. मला ते करायचं नाही, पण काय करावं तेही सुचत नाही. माझ्याकडे तीन हजार रुपये आहेत. कोंबड्या दिवसभर कोंडून ठेवणं जमणार नाही. विकतचं खाद्य घालून गावठी अंडं परवडत नाही, आणि त्यांना परसात उकरताना बघायची आता सवय झाली आहे.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

चिरेखाणीवरचा | ४ मार्च, रात्री ९.५५

ताई, आधी एकच. विष नको, काही झालं तरी नको.

आमच्या वाडीत सात-आठ वर्षांपूर्वी असंच अंडं ठेवलं होतं. मुंगूस मेलं की नाही देव जाणे, पण आमचा मोत्या मेला. तासभर तडफडत होता, तोंडाला फेस. त्याच वाटेने माझा पाच वर्षांचा पुतण्या शाळेत जायचा. त्याने ते अंडं उचललं असतं तर, या विचाराने घरातलं कुणी त्या रात्री झोपलं नाही. थिमेट म्हणजे फोरेट, शेतात वापरायचं जहाल कीटकनाशक. ते २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे. जुना साठा कुणाच्या माळ्यावर असेल तर तो हाताळूही नका.

आणि मुंगूस असो, ऊदमांजर असो, घोरपड असो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्यांना संरक्षण आहे. फासे लावायचा सल्लाही कुणी देईल, तोही ऐकू नका. डुकरासाठी लावलेल्या फाशात कोकणात बिबटे अडकलेले आहेत.

केळीचं_बन | ४ मार्च, रात्री १०.१०

सुमनताई, वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे घारीसाठी जुन्या सीड्या दोरीला टांगतात, चमकतात म्हणून घार येत नाही. करून बघा, खर्च शून्य.

निवृत्त_पशुधन | ४ मार्च, रात्री ११.३०

मी पशुसंवर्धन खात्यात पर्यवेक्षक होतो, बरीच वर्षं गावोगाव कोंबड्यांना लसी टोचत फिरलो. सुमनताई, जाळी आणायला उद्या बाजारात जाऊ नका. आधी कोण येतंय ते कळू दे. तुमच्या वर्णनात मला एक नाही, निदान तीन चोर दिसतात.

मुंगूस दिवसाचा प्राणी आहे. उजाडल्यावर निघतो, दिवेलागणीच्या आत बिळात जातो. दुपारच्या चार कोंबड्या त्याच्या नावावर घाला, पण रात्रीच्या चार घालू नका. रात्री येणारे वेगळे: ऊदमांजर, जवादी मांजर, रानमांजर, कोल्हा, भटकं कुत्रं. कोल्हा शक्यतो कोंबडी उचलून नेतो. कुत्रं आलं तर कामट्या मोडलेल्या दिसतील, जाळी ओढून फाडलेली दिसेल. पिल्लं रात्री एकेक करून कमी होत असतील तर आधी घूस आणि उंदीर बघा, मग साप. दिवसा कमी होत असतील तर कावळा, घार, शिक्रा.

नुसत्या जखमेवरून मी कधीच नाव घेत नाही, फसायला होतं. पावलं मात्र खोटं बोलत नाहीत. चुलीतली राख चाळून घ्या आणि झोपण्यापूर्वी खुराड्याच्या चारही बाजूंना हातभर रुंद पट्टा पसरा. सकाळी कोंबड्या सोडण्याआधी बघा:

चार बोटं आणि नखांच्या खुणा असतील तर कुत्रं किंवा कोल्हा. चार बोटं, गोलसर पाऊल, नखं नाहीत, तर मांजर, घरचं किंवा रानातलं. पाच बोटं असतील तर ऊदमांजर. पुढे लांब नखांचे ठिपके उमटले असतील आणि पाऊल दिवसा पडलेलं असेल तर मुंगूस. दोन्ही बाजूंना पंजे आणि मधून शेपटी ओढल्याची रेघ असेल तर घोरपड. घूस असेल तर राखेपेक्षा तिचं बीळच आधी सापडेल, बाहेर ताज्या मातीचा ढीग असतो.

चार दिवस हेच करा आणि इथे लिहा. तोवर रात्री कोंबड्या घरात घ्या, न्हाणीघरात, पाटीखाली, कुठेही. नऊ म्हणजे फार नाहीत.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. त्या चार मेल्या त्याच्या आदल्या दिवशी त्या चरत होत्या का? हिरवी हगवण, मान वाकडी होणं, पंख पाडून एका जागी बसणं, असं काही? मानमोडी (राणीखेत रोग) येऊन कोंबडी रात्री मरते आणि मेलेलीला कुणीतरी पहाटे कुरतडतं. मग नाव मुंगसाचं होतं, आणि उरलेल्या पुढच्या आठवड्यात जाळीच्या आतच मरतात. हे मी अनेक घरांत पाहिलंय.

परसातली_सुमन | ५ मार्च, दुपारी २.०५

निवृत्त काका, राग कसला. चौघीही आदल्या संध्याकाळी धडधाकट होत्या, कणीवर तुटून पडल्या होत्या. हगवण नव्हती. पण लस मात्र मी कधीच दिलेली नाही, सासूबाई द्यायच्या का ते माहीत नाही.

कालपासून सगळ्या न्हाणीघरात. आज रात्री राख टाकते.

सर्पमित्र_दापोली | ५ मार्च, संध्याकाळी ७.१५

धागा वाचतोय. जाळी घ्यायचीच वेळ आली तर एक लक्षात ठेवा. एक इंची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, चोराला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दाताने उसवतं. साप आत जातो, पिल्लू गिळतो आणि पोट फुगल्यामुळे बाहेर पडू शकत नाही. सकाळी तो आतच सापडतो आणि लोक काठीने मारतात. मला येणाऱ्या फोनांपैकी पुष्कळ असे असतात.

अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डमेश घ्या. महाग पडते, म्हणून सगळीकडे लावू नका, हवा खेळायच्या जागांपुरती लावा.

हर्णैचा_नाखवा | ५ मार्च, रात्री ८.४०

महाग कशाला? बंदरावर जुनी मासेमारीची जाळी पडलेली असतात, मागितली तर फुकट मिळतात. मी अख्ख्या परसावर टाकलंय, घारीचं नाव नाही.

सर्पमित्र_दापोली | ५ मार्च, रात्री ९.००

नाखवा, वरून ताणून बांधलं असेल तर माझी हरकत नाही. पण कडेला जमिनीवर सैल लोळत ठेवलं असेल तर कृपया आजच उचला. नायलॉनच्या सैल जाळ्यात धामण अडकते, जितकी वळवळते तितका धागा खवल्यांत रुततो. मी कात्रीने सोडवलेल्या कितीतरी सापांना खोल जखमा होत्या, काही वाचले नाहीत. आणि धामण गेली की त्या परसातल्या घुशी कोण खाणार?

हर्णैचा_नाखवा | ५ मार्च, रात्री ९.२५

कडेला लोळतंय खरं. हे माहीत नव्हतं. उद्या सकाळी कापून गुडघ्याच्या वर घेतो.

परसातली_सुमन | ९ मार्च, सकाळी ८.३०

चार रात्री राख टाकली, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले.

पहिल्या रात्री काहीच नाही. दुसऱ्या रात्री मांजराची पावलं, पण ती आमच्याच मनीची असणार, ती चुलीपाशी झोपते आणि तिच्या पायाला राख होती. तिसऱ्या रात्रीही जमिनीवर काही नाही, आणि तरी खुराड्यातलं अंडं (मुद्दाम एक ठेवलं होतं) फुटलेलं. मी चक्रावले. मग मुलगा शिडी लावून वर चढला. एक कौल बाजूला सरकलेलं, आणि कौलांवर विष्ठा, तिच्यात काळसर बिया. पाच बोटांची पावलं तिथेच कौलांच्या धुळीवर होती.

मी इतके दिवस खाली बघत होते. चोर वरून येत होता.

पिल्लांचंही कळलं. खुराड्याच्या मागच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली मुठीएवढं बीळ आणि बाहेर मातीचा ढीग.

निवृत्त_पशुधन | ९ मार्च, सकाळी १०.१०

शाबास. विष्ठेत बिया असतील तर ऊदमांजरच, काहीजण त्याला कांडेचोर म्हणतात. त्याचं मुख्य खाणं फळं. चिकू, पपई, माडीची मडकीसुद्धा सोडत नाही. कोकणातल्या कौलारू घराचा माळा हे त्याचं आवडतं घर, त्यामुळे तो तुमच्या आढ्यावरूनच ये-जा करत असण्याची शक्यता फार आहे. फणसाच्या झाडावर बसणाऱ्या कोंबड्याही तो उचलतो, म्हणून झाडावर बसणाऱ्या कोंबड्या सुरक्षित हा समज खरा नाही.

कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. बाजूची मारली जात असताना ती जागची हलत नाही. म्हणून एकदा खुराड्यात शिरलेला प्राणी चार-चार मारून जातो. दिवसा मोकळ्या परसात एका वेळी एक जाते, बाकीच्या ओरडून पळतात. तुमचे तीन हजार कुठे घालायचे याचं उत्तर इथेच आहे. सगळे रात्रीच्या खोलीत घाला. दिवसासाठी पैसा लागत नाही, मेहनत आणि सवय लागते.

जुन्नरची_माई | ९ मार्च, दुपारी १२.४५

काकांचं पटलं. आमच्याकडे तर रात्रीचा चोर बिबट्या आहे, चारही बाजूंनी ऊस. आमचं खुराडं घराच्या भिंतीला चिकटून, पत्र्याचं दार, आतून बाहेरून कडी. कोंबडीची आतडी-पिसं उघड्यावर टाकत नाही, खड्ड्यात पुरतो. उघड्यावर टाकली की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. रात्री कोंबड्या ओरडल्या तरी एकटीने जाऊन वाकून बघायचं नाही. घरातले दोघं, मोठा टॉर्च, मोठ्याने बोलत. कोंबडी गेली तर गेली.

तुमच्या भागातही बिबट्या आहे. खुराडं घरापासून लांब बांधू नका.

परसातली_सुमन | ९ मार्च, रात्री ९.५०

माई, खुराडं पडवीलाच राहील. आमच्याकडे पावसात पडलेल्या गोठ्याचे जुने जांभ्याचे चिरे पडून आहेत. ते वापरले तर?

चिरेखाणीवरचा | १० मार्च, सकाळी ७.३०

चिरे असतील तर तुम्ही श्रीमंत आहात ताई. असं करा:

आधी घूस. बीळ नुसतं मातीने बुजवलं तर ती उद्या शेजारून काढेल. बिळात फुटक्या काचा-बाटल्या कुणी घालायला सांगेल, घालू नका, उकरणाऱ्या कोंबडीचाच पाय कापतो. खडी आणि थोडं सिमेंट कालवून बीळ भरा आणि सगळ्या जमिनीवर चिरे सपाट बसवा, सांधे मातीत नको, सिमेंटात भरा. वर भाताचं तूस चार बोटं पसरा. ओलं झालं की काढून माडाच्या आळ्यात.

भिंत अडीच फूट चिऱ्याची. त्याच्या वर दीड फूट अर्धा इंची वेल्डमेश, हवेसाठी. छपराखाली आडवी तीच वेल्डमेश, सगळ्या बाजूंनी भिंतीत दाबलेली. हे तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. वर कौलं ठेवा की पत्रा ठेवा, ऊदमांजर कौल सरकवेल पण जाळीपर्यंत येऊन थांबेल. जाळी नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका, कडेवर लाकडी पट्टी ठेवून पट्टीतून खिळा मारा, नाहीतर कोपरा उचकटतो.

दार जुन्या पत्र्याचं, लाकडी चौकटीवर. कडी दोन ठिकाणी, वर आणि खाली. एकाच कडीचं दार खालच्या कोपऱ्यात ढकलून बोटभर फट होते, तिथून नाक शिरलं की बाकीचं अंग शिरतं. बसायला आत आडवा बांबू भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, जाळीला टेकून नको. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय बाहेरून ओढतात.

गवंडी नको, दोन रविवारांत घरचे लोक करतात.

केळीचं_बन | १० मार्च, सकाळी ९.००

मला एक शंका आहे. इतकं सगळं करण्यापेक्षा कोंबड्या कोंडूनच ठेवल्या तर? मीही शेवटी तेच केलं. दहा बाय दहाचं आवार, जाळी, बस्स. तीन वर्षांत एक गेली.

परसातली_सुमन | १० मार्च, सकाळी ९.४०

तुमचं चुकतंय असं म्हणत नाही. पण दहा बाय दहात आठवड्यात गवताचं पातं उरणार नाही, आणि मग किडे, वाळवी, हिरवं सगळं मी विकत आणायचं. शिवाय सासूबाईंच्या कोंबड्या कायम मोकळ्या वाढल्या. कोंडल्या तर त्या एकमेकींची पिसं काढतात, मागच्या पावसात बघितलं आहे.

रानवाटेची | १० मार्च, सकाळी ११.२०

मोकळ्या ठेवायच्या असतील तर दिवसाचा बंदोबस्त सांगते. आमच्याकडे वीस-बावीस असतात, देवरुखच्या बाजूला.

मुंगसाला उघडी जागा आवडत नाही. गडग्याच्या दगडांत त्याचं बीळ, गडग्याला टेकून वाढलेलं गवत हा त्याचा रस्ता. तो गवतातून हातभर अंतरावर येतो आणि झेप टाकतो. म्हणून गडग्यापासून दहा-बारा पावलं गवत पूर्ण कापा, पालापाचोळा उचला. त्याला उघड्यावरून यावं लागलं की कोंबडा आधी बघतो.

घारीचं नेमकं उलट. उघड्या जागेतलं पिल्लू तिला वरून दिसतं. म्हणून परसाच्या मध्ये झुडपं हवीत: एरंड, तूर, करवंद, केळीचा गड्डा, काहीही, कोंबडी धावत पोहोचेल इतक्या अंतरावर. झाडं नसतील तर चार खुंट्यांवर माडाच्या पानांचा जुना झाप टाका, दीड फूट उंच. थोडक्यात कडा मोकळ्या आणि मध्य दाट. बहुतेक परसांत बरोबर उलटं असतं, मध्ये झाडलोट केलेलं अंगण आणि कडेला रान. माझंही तसंच होतं.

दाणा कुठे टाकता त्यावरही पुष्कळ अवलंबून आहे. गडग्याकडे टाकत असाल तर चोराच्या दारात टाकताय. पडवीसमोर टाका.

आणि कोंबडा चांगला ठेवा. वर घार दिसली की त्याचा आवाज वेगळा, बारीक लांब कर्रर्र. जमिनीवर कुणी असलं की कट-कट-कटाक असा तोडून, सगळ्या परसाला ऐकू जाईल असा. पंधरा दिवस कान देऊन ऐकलंत तर स्वयंपाकघरातून कळेल कोण आलंय. आमचा आधीचा कोंबडा दिसायला राजबिंडा होता पण गप्प. त्याच्या जागी असील (झुंजीच्या जातीच्या) रक्ताचा तांबडा आणला तेव्हापासून दुपारच्या कोंबड्या जाणं जवळजवळ थांबलं.

सीड्यांचं म्हणाल तर आठ-पंधरा दिवस चालतात, मग घार त्यांना ओळखते. जागा बदलत राहिलात तर थोडं जास्त. त्यापेक्षा कोतवाल पक्ष्याचं घरटं परसात असलं तर नशीब समजा. घरटं असेपर्यंत तो कावळ्याला आणि घारीला चोची मारून पिटाळतो. आमच्या आंब्यावर दरवर्षी करतो, म्हणून ती फांदी आम्ही कधी छाटत नाही.

निवृत्त_पशुधन | १० मार्च, दुपारी १.००

रानवाटेच्या ताईंनी लाख मोलाचं लिहिलंय. दोन भर घालतो.

पिल्लं घ्यायची झाली तर पांढऱ्या रंगाची घेऊ नका, हिरवळीत दुरून उठून दिसतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी वनराज जात काढली, तिच्यात रंगीत पिसारा आणि लांब पाय मुद्दाम आहेत, लपता आणि पळता यावं म्हणून. पण वनराज, गिरिराज अंगाने जड. गावठी तलंग (तरुण कोंबडी) भुर्रकन फांदीवर जाते तशी ती जात नाही. आणि त्या खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत म्हटलं तरी चालेल. तुमच्या गावठीच ठेवा असं मी म्हणेन.

दुसरं, मानमोडीची लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात थेंब. आठव्या आठवड्यात आर-टू-बी, टोचून. कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि फोडली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी करा. बर्फात आणा. खुराडं किल्ल्यासारखं बांधलं आणि मानमोडी आली तर एकही उरणार नाही.

परसातली_सुमन | २४ मार्च, रात्री १०.००

उशीर झाला लिहायला, शिमगा होता. पालखी नाचवून मुलं आली आणि त्याच सुट्टीत खुराडं झालं.

हिशोब देते, कुणाला उपयोग होईल. चार फुटी वेल्डमेश पंचवीस फूट, १,९५०. भंगारातून जुने पत्रे, ४२०. बिजागऱ्या आणि चार कड्या, १८०. तार, ९०. बुरुडाकडून दोन डालगी (पिल्लांवर झाकायच्या बांबूच्या टोपल्या), ५००. एकूण ३,१४०. सिमेंटची अर्धी गोणी घरात होती. चिरे आमचेच.

उरलेल्या जाळीतून पिल्लांसाठी वेगळी पेटी केली. खाली पाट, वर उघडणारं झाकण.

रानवाटेच्या ताईंनी सांगितलं तसं गडग्याकडचं गवत कापलं तेव्हा दगडांत तीन बिळं दिसली. ती मी बुजवलेली नाहीत. आत पिल्लं असतील तर कोंडून मरतील असं वाटलं. दाण्याची जागा मात्र बदलली. सकाळी दव उतरल्यावर, मी भांडी घासायला मागच्या दारी बसते तेव्हाच सोडते. संध्याकाळी पाचला "तीऽ तीऽ तीऽ" करून वाटीभर कणी खुराड्याच्या आत टाकते. पहिले चार दिवस दोघी फणसावर जाऊन बसायच्या, रात्री टॉर्च घेऊन उतरवल्या. आता हाक मारली की रांगेने आत जातात. मोजते आणि मगच दोन्ही कड्या लावते.

कौलांवर ऊदमांजर दोनदा येऊन गेलं, आवाज आला. सकाळी नऊच्या नऊ.

जुन्नरची_माई | २५ मार्च, सकाळी ६.५०

मोजूनच कडी लावायची, हे सोडू नका कधी. आमच्याकडे एकदा पाहुण्यांच्या गडबडीत मोजायचं राहिलं, एक बाहेर राहिली. सकाळी नुसती पिसं.

हर्णैचा_नाखवा | २५ मार्च, सकाळी ८.१५

मी जाळं वर घेतलं. सर्पमित्र दादा, धन्यवाद. खाली चिऱ्यांची एक ओळ लावली, दिसायलाही बरं दिसतं.

शेजारच्या काकांचं काय झालं ताई?

परसातली_सुमन | २५ मार्च, रात्री ९.३०

काका दुसऱ्याच दिवशी खुराडं बघायला आले. त्यांच्याही तीन गेल्या आहेत. थिमेटचं मी त्यांना मोत्याची गोष्ट सांगून बोलले. त्यांचाही नातू सुट्टीत येतो. काही बोलले नाहीत, पण काल त्यांनी माझ्याकडून राख चाळायची चाळण नेली.

परसातली_सुमन | ११ जून, दुपारी ४.२०

धागा वर काढते. पाऊस लागला. मार्चपासून आजवर दोनच गेल्या, दोन्ही दुपारच्या, मी लग्नाला गेले होते त्या दिवशी. रात्रीची एकही नाही. वाडीतल्या सात घरांनी मिळून लस दिली.

तांबडी खुडूक बसली आहे, अकरा अंड्यांवर, आज नववा दिवस. तिला कुठे ठेवू? मोठ्या खुराड्यात बाकीच्या तिच्या अंगावर जातात. पडवीत टोपलीत ठेवली तर काल रात्री पडवीत धामण दिसली.

सर्पमित्र_दापोली | ११ जून, संध्याकाळी ६.००

धामण बिनविषारी आहे, पण अंडी-पिल्लं सोडणार नाही. पावसात बिळांत पाणी जातं म्हणून ती कोरड्या पडवीत येते. फिनेल, सापाची पावडर यांवर पैसे घालवू नका, वासाने साप अडत नाही. पडवीतली लाकडं, नारळाची सोडणं, गोणपाटं उचला. नाग किंवा घोणस दिसली तर काठी उचलू नका. जवळच्या सर्पमित्राला सांगा किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

निवृत्त_पशुधन | ११ जून, संध्याकाळी ७.४०

तुम्ही पिल्लांसाठी पेटी केली आहे ना, अर्धा इंची जाळीची? तिच्यातच बसवा. खाली राख आणि वर तूस, म्हणजे उवा होणार नाहीत. पेटी जमिनीवर नको, दोन चिऱ्यांवर. रोज एकदा दाण्यापाण्याला आणि विष्ठेला बाहेर काढा, दहा-पंधरा मिनिटं, आणि ती आत गेल्याशिवाय झाकण लावू नका. हलवायचं ते रात्री हलवा, अंधारात. दिवसा हलवलीत तर अंडी सोडून देईल.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतील. पहिले तीन आठवडे पेटीतच, मग डालग्याखाली. आई आत, पिल्लं कामट्यांच्या फटीतून ये-जा करतील, घार दिसली की आपोआप आत जातील. दोन महिन्यांची झाली की मोकळी.

परसातली_सुमन | ११ जून, रात्री ९.१०

आताच हलवली. दिवा बंद करून मी आणि मुलगा. त्याने अंडी सुपात घेतली, मी तिला उचललं. पेटीत ठेवल्यावर थोडं गुरगुरली, मग एकेक अंडं चोचीने पोटाखाली ओढून घेतलं. अकराही.